तळटीप : एथेरियस सोसायटी

* बॅटरीत साठवलेली प्रार्थना : हा उल्लेख एथेरियस सोसायटीच्या एका विधीचा आहे. जॉर्ज किंग (मृत्यू १९९७) या इंग्रज योगाभ्यासकाने १९५०च्या दशकाच्या मध्यावर लंडनमध्ये हा पंथ स्थापला. आपल्याला १९५४ साली परग्रहावरून आदेश मिळाला आणि समाधी लागली की ‘एथेरियस’ नावाचा शुक्रावरील महात्मा आपल्या मुखातून बोलतो, असा त्यांचा दावा होता. पंथाच्या मते येशू आणि बुद्ध शुक्रावरून आले, श्रीकृष्ण शनीवरून. आंतरग्रहीय संसदही शनीवरच भरते. कर्म व पुनर्जन्म या कल्पना आणि योगसाधना भारतीय परंपरेतून घेतलेल्या आहेत. त्यांना थिऑसॉफीतल्या ‘महात्म्यां’ची जोड मिळाली. १९५८ ते १९६१ या काळात किंग यांच्या माध्यमातून अठरा पर्वत दिव्य शक्तीने भारले गेले, अशी श्रद्धा आहे. पहिला डेव्हनमधला होल्डस्टोन डाउन. अनुयायी आजही तिथे यात्रेला जातात. १९७३पासून चालणाऱ्या ‘ऑपरेशन प्रेयर पॉवर’मध्ये साधक एकत्र जमून मंत्रजप करतात, त्यात ‘ॐ मणि पद्मे हूं’ही असतो. मग एकेक जण पुढे येऊन खास बनवलेल्या बॅटरीकडे हात करून प्रार्थना म्हणतो. साठलेली शक्ती भूकंप, युद्ध अशा संकटसमयी सोडली जाते. लेखकाने या पंथाला ‘उडत्या तबकड्यांचे पूजक’ म्हटले आहे, ते पुरते बरोबर नाही. इथे पूजेपेक्षा सेवेला, म्हणजे जगासाठी प्रार्थना करण्याला, अधिक मान आहे. — संपा.