तोंड येणं, पारा आणि एक पट्टी

"तोंड आलंय" म्हटलं की आपल्याकडे उत्तर तयार असतं: उष्णता झाली! मग गुलकंद खा, जाईचा पाला चावा, बी-कॉम्प्लेक्स घ्या. आठ-दहा दिवसांत फोड आपोआप बरा होतो आणि श्रेय मिळतं शेवटच्या उपायाला. महिन्याभरात तोंड पुन्हा येतं, पण कारण कुणी शोधत नाही.

शोधायची एक रीत १८९५ साली सापडली. गाव ब्रेस्लाउ, तेव्हा जर्मनीत, आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ. तिथल्या योझेफ याडासोन या त्वचारोगतज्ज्ञाने पाहिलं की पाऱ्याच्या औषधाने काही रोग्यांना इसब उठतं, बाकीच्यांना काहीच होत नाही. त्याने अशा रोग्याच्या चांगल्या कातडीवर पाऱ्याची छोटी पट्टी लावली. पट्टीखाली तेवढ्याच जागेत इसब उठलं! हीच पॅच टेस्ट. गंमत म्हणजे 'ॲलर्जी' हा शब्द तेव्हा नव्हताच. तो फॉन पिर्केने १९०६ मध्ये काढला.

त्याच गावात योहान मिकुलिझ नावाचा सर्जन होता. ऑपरेशन करताना तोंडावर जाळीदार कापडाचा मास्क बांधणाऱ्या पहिल्या काही लोकांपैकी एक. वारंवार येणाऱ्या तोंडातल्या छोट्या फोडांना आजही 'मिकुलिझचे ॲफ्थी' म्हणतात. म्हणजे प्रश्न आणि तो तपासायचं एक हत्यार, दोन्ही एकाच गावचे. गाठ मात्र पुष्कळ उशिरा पडली.

कारण हा बग पकडायला अवघड. संपर्काची ॲलर्जी लगेच दिसत नाही, दोन-तीन दिवस घेते. म्हणून पाठीवरची पट्टी साधारण ४८ तासांनी काढतात आणि नंतर पुन्हा एकदा बघतात. तोपर्यंत आपण काय काय खाल्लं ते विसरलेलो असतो. शिवाय तोंडात लाळ सगळं धुऊन नेते.

तरी काही संशयित सापडले: टूथपेस्ट नि च्युइंगगममधला दालचिनीचा स्वाद, दातात भरलेल्या चांदीतला पारा (पुन्हा पाराच!). १९९४ मध्ये नॉर्वेत १० रुग्णांना फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट नसलेली टूथपेस्ट दिली, तर फोड बरेच कमी झाले. पण १९९९ च्या एका ब्रिटिश अभ्यासात तसा फरक दिसला नाही. आणि हे रसायन ॲलर्जीपेक्षा नुसतीच जळजळ करतं, हेही खरं.

थोडक्यात, ॲलर्जी हे शक्य कारण आहे, सगळ्यांचं कारण नव्हे. लोह किंवा बी-१२ ची कमतरताही असू शकते, तेव्हा रक्ततपासणी आधी. पॅच टेस्टमध्ये एखादी गोष्ट निघाली तरी ती बंद करून फोड थांबतात का, हे बघावंच लागतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तारखा लिहून ठेवा. आणि तीन आठवड्यांत न भरलेला फोड, विशेषतः तंबाखू-गुटखा खाणाऱ्याचा, उष्णतेच्या नावावर ढकलू नका. तडक डॉक्टर गाठा.