पोळ्याचे बैल आणि आजोबांचा नाताळ

हेडफोन लावलेत ना? दरवेळी मी एखादा किल्ला नाहीतर तह घेऊन बसतो. आजचा भाग घरचा आहे. आज माझ्या आजोबांच्या ओट्यावर बसायचंय. गाव आसनगावजवळ, तालुका शहापूर.

इकडे डिसेंबर म्हणजे भाताची झोडणी उरकलेली, खळ्यावर पेंढा रचलेला, आणि मुरबाडकडच्या पाहुण्यांच्या तोंडी पौषातल्या म्हशाच्या जत्रेची बोलणी. नाताळ कुणाच्या डोक्यातही नसतो. आमच्या आळीत ख्रिस्ती घर एकच, आमचं. आजोबा मूळचे नगरचे (आता अहिल्यानगर, पण त्यांच्या तोंडी नगरच). १९७२च्या दुष्काळात गाव सोडलं, भातसा धरणाच्या कामावर स्टोअरकीपर म्हणून लागले, आणि धरण झाल्यावरही इथेच राहिले. भातसाचं पाणी मुंबईला गेलं, आजोबा नाही गेले.

त्यांची नाताळची तयारी खरं तर पोळ्यालाच सुरू होते. कुंभाराकडून मातीची बैलजोडी आणतात, आळीतल्या पोरांना खेळायला देतात आणि सण झाला की परत मागून घेतात. कारण डिसेंबरात त्याच बैलांना गव्हाणीत उभं राहायचं असतं. गव्हाण म्हणजे खोक्यात शेजारच्या खळ्यावरचा मूठभर पेंढा. बाळ येशू कापडाचा, आजीने शिवलेला. आजी चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून करंज्यासुद्धा आजोबाच करतात. सारणाचं माप तिचंच, एक पितळी वाटी. मग बांबूच्या कामट्यांची चांदणी. सांगाडा जुनाच, जिलेटीन कागद तेवढा नवा. मागच्या वर्षी मी ऑनलाइन एलईडीची चांदणी मागवली. "छान आहे," म्हणाले, आणि मागच्या दाराला लावली.

ऑफिसात मी या करंज्या नेल्या तेव्हा एकाने विचारलं, "ख्रिसमसला करंज्या? केक नाही? तुमचा सण तर फॉरेनचा ना?" त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला उत्तर देता आलं नाही. त्या रात्री लॅपटॉप उघडून कोड लिहायचा सोडून मी हेच वाचत बसलो.

आधी शब्द घ्या. नाताळ हा शब्द पोर्तुगीज. चिमाजी अप्पांनी १७३९मध्ये वसई घेतली, पोर्तुगीज गेले, शब्द मराठीत राहिला. आणि वसई तर २०१४पर्यंत आमच्याच ठाणे जिल्ह्यात होती. पण आजोबांचा धर्म त्या वाटेने आलेला नाही. तो आला अमेरिकन मिशनकडून. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३मध्ये मुंबईला उतरले, १८३१मध्ये नगरला केंद्र सुरू झालं.

आता गंमत ऐका. हे मिशन मॅसॅच्युसेट्सचं, म्हणजे प्युरिटन वळणाच्या लोकांचं. तिथे १६५९मध्ये कायदाच केला होता की नाताळ पाळाल तर पाच शिलिंग दंड! म्हणणं असं की बायबलात ही तारीख कुठेच नाही, हा नुसता खाण्यापिण्याचा धुडगूस आहे. कायदा १६८१मध्ये उठला, वृत्ती मात्र राहिली. मॅसॅच्युसेट्समध्ये नाताळची सरकारी सुट्टी झाली १८५६ला. म्हणजे नगरला मिशन आलं तेव्हा मिशनऱ्यांच्या स्वतःच्या गावी पंचवीस डिसेंबरला लोक कामावर जात होते.

इथून पुढे माझा तर्क आहे, बरं का. ज्यांनी धर्म आणला त्यांच्याकडे सणाचं सामानच फारसं नव्हतं. मग नगरकडच्या आमच्या माणसांनी घरात जे होतं ते वापरलं. दिवाळीचा फराळ, दिवाळीचा कंदील, आणि टाळ.

टाळांवरून नारायण वामन टिळक आठवतात. चित्पावन ब्राह्मण, कवी, १८९५मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाईंनी आधी वेगळं राहून, भांडून, पाच वर्षांनी घेतला. 'स्मृतिचित्रे'त त्यांनी ते सगळं इतकं मोकळेपणाने लिहिलंय की आजही वाचताना हसू येतं आणि मध्येच घसा दाटतो. तुकारामाच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो असं टिळक सांगत. इंग्रजी चालींची भाषांतरं गाण्यापेक्षा त्यांनी भजनं रचली, कीर्तनं केली. आजोबांच्या 'उपासना संगीत'ची पानं सुटलीत, त्याला रबर लावलंय. चोवीसच्या रात्री ते त्यातलीच टिळकांची भजनं म्हणतात. पेटी बेसूर, आवाज त्याहून. तरी शेजारचे येऊन बसतात.

पण टिळकांची गोष्ट सांगायला सोपी आहे. आमची अवघड. आमचे पूर्वज महार होते. १८७६ ते ७८चा दुष्काळ, पुन्हा १८९९-१९००चा, आणि दोन्ही वेळा मिशनने अन्न दिलं, कामं दिली. त्यानंतर गावंच्या गावं ख्रिस्ती झाली. "पोटासाठी बाटले" हे वाक्य त्यातूनच आलेलं. मी एकदा धीर करून आजोबांना विचारलं. ते करंजीची कड दुमडत होते. मान वर न करता म्हणाले, "हो, पोटासाठी. भूक लागली होती ना. ज्यांच्या विहिरीवर जाता येत नव्हतं त्यांनी विचारलं का, पोट कसं आहे म्हणून?"

धर्म बदलला म्हणून जात सुटली, असंही नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा आधी फक्त हिंदूंपुरता ठेवला, १९५६ला शीख आले, १९९०ला बौद्ध आले. ख्रिस्ती अजून बाहेर आहेत. गावाला जात माहीत असते, फक्त कागदाला नसते.

तर साधा नाताळ. प्युरिटनांचा साधेपणा तत्त्वाचा होता. आमचा दुष्काळाचा. आजोबांच्या हातात दोन्ही इतके मिसळलेत की वेगळे काढता येत नाहीत. नवे कपडे नाहीत, केक नाही. खर्च एकच, डबे भरायचे.

दिवाळीला आळीतून फराळाचे डबे येतात. प्रत्येकावर नाव कोरलेलं, कुणाच्या लग्नातलं, कुणाच्या बारशातलं. आजोबा ते रिकामे परत करत नाहीत. धुऊन फळीवर ओळीने ठेवतात आणि नाताळला भरून पाठवतात. दोन महिने आमच्या फळीवर सगळी आळी असते. बायका चिडतात, डबे अडकून पडतात म्हणून, पण कुणी मागत नाही.

गेल्या दिवाळीला एक डबा आला नाही. कोणाचा ते सांगत नाही. "यंदा देणंघेणं नको" एवढाच निरोप आला, कारण व्हॉट्सअॅपवर फिरलेलं काहीतरी. आजोबा काही बोलले नाहीत. चोवीसला मी फळीवरचे डबे मोजले, अकरा. करंज्या मात्र बाराजणांच्या झाल्या होत्या. बारावा डबा आमचा होता, आजीच्या नावाचा.

तो मीच घेऊन गेलो. दार त्यांच्या आठवीतल्या मुलीने उघडलं. ती लहानपणी आमच्याच ओट्यावर पोळ्याचे बैल खेळायची. डबा घेतला, आत पाहिलं आणि हळूच विचारलं, "बैल मांडले का आजोबांनी?"

मांडलेत म्हटलं. येते म्हणाली, भजनाच्या वेळी.