इंग्रजी सुखात्मिका आणि डिलाईल रोडचा भाषाशिक्षार्थी

परभाषा शिकणाऱ्यास त्या भाषेतील विनोद सर्वांत शेवटी कळतो, असा एक समज रूढ आहे. आधी व्याकरण, मग शब्दसंग्रह, आणि हसणे अगदी अखेरीस, हा क्रम शिक्षकही गृहीत धरतात. प्रस्तुत निबंधात या समजाची उलटतपासणी करावयाची आहे. इंग्रजी सुखात्मिका मराठी समाजात कशा आल्या आणि इंग्रजी शिकणाऱ्या मराठी माणसाला त्यांतून नेमके काय मिळाले, याचा विचार केला असता असे दिसते की, या क्रमाची उलट बाजूही तितकीच खरी आहे. विनोद हा भाषाशिक्षणाचा कळस नसून पुष्कळदा त्याचा पाया ठरतो. आणि पायाचे हे काम मराठी माणसाच्या बाबतीत इंग्रजी पुस्तकाने नव्हे, तर मराठी रंगभूमीने केले आहे.

विवेचनासाठी मुंबईतील डिलाईल रोड निवडण्यास कारण आहे. सातरस्त्याकडून लोअर परळकडे जाणारा हा रस्ता आज ना. म. जोशी मार्ग या नावाने ओळखला जातो. पण तेथील रहिवाशांच्या तोंडी जुने नाव अजून टिकून आहे. १९२० नंतरच्या दशकात सरकारने मुंबईत ज्या बीडीडी चाळी बांधल्या, त्यांपैकी ३२ इमारती या रस्त्यावर उभ्या राहिल्या. सुमारे १६० चौरस फुटांच्या एकेका खोलीत कोकणातून आणि घाटावरून आलेली गिरणी कामगारांची कुटुंबे राहिली. ज्यांचे नाव या रस्त्याला मिळाले, त्या नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. कामगारांसाठी रात्रशाळा आणि वाचनालये चालविणे हा तिच्या कार्याचा एक मोठा भाग होता. याच संस्थेचे दामोदर नाट्यगृह १९२२ मध्ये परळला उभे राहिले. रात्रशाळा आणि नाट्यगृह ही दोन्ही एकाच चळवळीची अपत्ये होत, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

(१)

रात्रशाळेत शिकविले जाणारे इंग्रजी कोणते होते? पिढ्यान्‌पिढ्या मराठी विद्यार्थी ज्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पोसला गेला, तिचे एकक सुटे वाक्य हे होते. एक मराठी वाक्य, त्याचे एक इंग्रजी वाक्य. या पद्धतीचे ऋण अमान्य करण्याचे कारण नाही. वाक्यरचनेची जी शिस्त तिने लावली ती अन्य मार्गाने लागणे कठीण होते. तथापि सुट्या वाक्याला बोलणारा नसतो आणि ऐकणाराही नसतो. ते वाक्य कोणी कोणाला उद्देशून म्हटले, मालकाने की नोकराने, सुनेने की सासूने, हे पाठमाला सांगू शकत नाही. शाळांतून शेक्सपिअर येई तोही बहुधा चार्ल्स व मेरी लॅम यांनी १८०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गद्यकथांच्या रूपाने. त्या कथांत कथानक राहते, पण संवाद गळतो. आणि संवादाबरोबर हसूही गळते. परिणामी विद्यार्थ्याला इंग्रजी वाक्य करता येई. इंग्रजी माणसाशी, किंवा इंग्रजी बोलणाऱ्या साहेबाशी, कोणत्या सुरात बोलावे हे मात्र कळत नसे.

ही उणीव भरून काढण्याचे काम नकळत रंगभूमीने केले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पौराणिक नाटकानंतर फार्स करण्याची प्रथा मराठी मंडळ्यांत रुळली. ‘फार्स’ हा शब्दच ती कोठून आली हे सांगतो. त्याच शतकाच्या अखेरीस दोन महत्त्वाची रूपांतरे झाली. फर्ग्युसन महाविद्यालयातील इंग्रजीचे प्राध्यापक वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी शेक्सपिअरच्या ‘टेमिंग ऑफ द श्रू’ या सुखात्मिकेवरून ‘त्राटिका’ लिहिले आणि शाहूनगरवासी मंडळीने ते गाजविले. गोविंद बल्लाळ देवल यांनी १८९३ मध्ये ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’ हे नाटक रचले. त्याचेच संगीत रूप ‘संशयकल्लोळ’ १९१६ मध्ये गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणले. त्याचा आधार आर्थर मर्फी या इंग्रजी नाटककाराची १७६१ ची ‘ऑल इन द राँग’ ही सुखात्मिका होय, आणि मर्फीने आपले कथाबीज मोलिएरच्या १६६० मधील ‘स्गानारेल’ या प्रहसनातून घेतले होते. पॅरिसहून लंडनमार्गे आलेला हा ऐवज मराठीत इतका मुरला की, फाल्गुनराव, कृत्तिका, अश्विनशेठ, रेवती ही महिन्यांची व नक्षत्रांची नावे धारण केलेली माणसे परकी आहेत, असे प्रेक्षकाच्या मनातही येत नाही.

याचा अर्थ असा की, डिलाईल रोडवरील कामगाराने इंग्रजी सुखात्मिकेचा आनंद पुष्कळदा इंग्रजी मुळाक्षरे गिरविण्याच्या आधीच घेतलेला असे. भोवळ आलेल्या रेवतीला फाल्गुनराव सावरतो, ते कृत्तिका पाहते. खाली पडलेली तसबीर कृत्तिका उचलते, ते फाल्गुनराव पाहतो. हा दुहेरी घोटाळा ज्याला ठाऊक आहे, त्याच्या हाती मर्फीचे मूळ नाटक दिले तर कथानक समजून घेण्यात त्याची शक्ती खर्च होत नाही. ती सारी भाषेकडे वळविता येते.

(२)

भाषेकडे वळले म्हणजे विद्यार्थ्याला प्रथम भेटतो तो शब्दांचा घोटाळा. शेरिडनच्या ‘द रायव्हल्स’ (१७७५) या नाटकातील मिसेस मॅलाप्रॉप ही बाई भारदस्त शब्द चुकीच्या जागी वापरते. ‘ॲलिगेटर’ म्हणजे सुसर म्हणावयाचे असता ‘ॲलिगरी’ म्हणजे रूपककथा म्हणून मोकळी होते. येथे हसण्यासाठी दोन शब्द माहीत असावे लागतात, एक उच्चारलेला आणि एक अभिप्रेत असलेला. म्हणून हे हसू विद्यार्थ्याच्या ज्ञानाचे बिनचूक मोजमाप होय. शिवाय त्यात एक दिलासा आहे. जी चूक आपल्या तोंडून होईल म्हणून तो वर्गात तोंड उघडत नाही, ती इंग्रजांच्या घरची प्रतिष्ठित बाई बिनदिक्कत करीत असते.

दुसरा आनंद याहून सूक्ष्म आहे, आणि येथे मराठी विद्यार्थी इंग्रजापेक्षाही पुढे असू शकतो. शेक्सपिअरच्या ‘ट्वेल्फ्थ नाइट’मध्ये सर टोबी हा इरसाल गृहस्थ सर अँड्र्यूला द्वंद्वाचे आव्हानपत्र लिहावयास लावतो आणि प्रतिपक्षाला तीनदा तरी ‘दाउ’ म्हण, अशी शिकवण देतो. आजच्या इंग्रजीत ‘यू’ हे एकच सर्वनाम उरल्यामुळे इंग्रज विद्यार्थ्याला या ठिकाणी टीप वाचावी लागते. मराठी विद्यार्थ्याला टिपेची गरज नाही. ‘अरेतुरे करणे’ म्हणजे काय, आणि त्यावरून चाळीत कशी भांडणे होतात, हे त्याला जन्मापासून ठाऊक असते.

अठराव्या शतकापर्यंत सुशिक्षित बोलण्यातून ‘दाउ’ जवळजवळ लोपला. मानापमानाचा भेद मात्र लोपला नाही. तो संबोधनांत, सुरात, वाक्याच्या लांबीत जाऊन बसला. गोल्डस्मिथचे ‘शी स्टूप्स टू काँकर’ हे नाटक १५ मार्च १७७३ रोजी लंडनच्या कॉव्हेंट गार्डन नाट्यगृहात प्रथम झाले. त्याचा नायक मार्लो कुलीन स्त्रियांपुढे शब्द फुटू नये इतका बुजतो, आणि मोलकरणींशी मात्र सैल जिभेने बोलतो. टोनी लम्पकिनच्या खोडीमुळे तो भावी सासऱ्याचे घर खाणावळ समजून शिरतो व घरधन्याला खाणावळवाल्याप्रमाणे वागवितो. घरची मुलगी केट ही दासीचा वेष व दासीची बोली धारण करते, तेव्हा कोठे त्याची जीभ मोकळी होते. माणूस तोच, सर्वनामही तेच. बदलते ते सारे बाकीचे. इंग्रजी वाचकाला हे अंतर सुरावरून ओळखावे लागते. मराठीत उतरविणाऱ्याला मात्र पळवाट नाही. ‘बस’, ‘बसा’ की ‘बसावे’, याचा निवाडा त्याला प्रत्येक वाक्यात करावाच लागतो.

या दृष्टीने भाषांतर हा सुखात्मिका वाचण्याचा सर्वांत काटेकोर प्रकार ठरतो. देवलांनी मर्फीच्या कुलीन बेलिंडाच्या जागी नायकिणीची मुलगी रेवती योजली, यामागेही हाच निवाडा आहे. प्रियकराशी रस्त्यावर मोकळेपणाने भेटणारी व बोलणारी अविवाहित कुलीन कन्या त्या काळच्या मराठी समाजात दाखविणे अवघड होते. म्हणून बोलण्याचे स्वातंत्र्य जिला होते अशी स्त्री त्यांनी शोधली. कोणी कोणाशी कसे बोलावे हे ठरविताना अनुवादकाला समाजरचनेचाच हिशेब मांडावा लागतो.

(३)

या साऱ्या विवेचनाचा कस जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’ या नाटकात लागतो. ते १९१३ मध्ये व्हिएन्ना येथे आणि ११ एप्रिल १९१४ रोजी लंडनमध्ये रंगभूमीवर आले. त्यातील प्राध्यापक हिगिन्स हा स्वनविज्ञानाचा अभ्यासक असून त्याच्या स्वभावचित्रणात हेन्‍री स्वीट या विख्यात इंग्रज भाषाशास्त्रज्ञाच्या छटा आहेत, हे शॉ यांनी स्वतःच प्रस्तावनेत सूचित केले आहे. फुले विकणारी एलायझा उच्चार सुधारावयास त्याच्याकडे येते. तिसऱ्या अंकात ती हिगिन्सच्या आईच्या दिवाणखान्यात निर्दोष उच्चारांनी बोलते. पण बोलते ते मावशीच्या संशयास्पद मृत्यूबद्दल आणि दारूबद्दल. उच्चार बिनचूक आणि विषय मात्र वस्तीतला. उच्चार आले म्हणजे भाषा आली असे नव्हे, हे भाषाशास्त्रातील तत्त्व इतक्या थोडक्यात व इतक्या हास्यकारक रीतीने अन्यत्र सांगितलेले नाही.

पु. ल. देशपांडे यांनी १९७५ मध्ये या नाटकाचे ‘ती फुलराणी’ हे रूपांतर केले. एलायझाची मंजुळा झाली, हिगिन्सचा प्राध्यापक जहागीरदार झाला, आणि भक्ती बर्वे यांच्या अभिनयाने मंजुळा घरोघरी पोचली. लंडनची खालच्या वर्गाची बोली शब्दारंभीचा ‘ह’ गाळते, हे लक्षण मराठीत निरुपयोगी आहे. मराठीत ज्या उच्चारांवरून माणसाची जागा ठरविली जाते त्यांत ‘ण’ व ‘न’ यांचा भेद मुख्य. ‘पानी’, ‘कोन’, ‘आनी’ असे म्हणणारा अशुद्ध, हा शाळेचा निकाल आहे. वस्तुतः हा भेद न करणाऱ्या बोली अनेक आहेत आणि त्यांत भ्रष्ट असे काही नाही. एका प्रदेशाच्या व एका वर्गाच्या बोलीला प्रमाणभाषेचे स्थान मिळाले, एवढाच त्याचा अर्थ. डिलाईल रोडवर मालवणकडचा आणि साताऱ्याकडचा माणूस अन्य बाबतीत एकमेकांच्या बोलीला हसला, तरी या ‘न’च्या बाबतीत दोघेही बहुधा एका बाजूला आणि क्रमिक पुस्तक दुसऱ्या बाजूला असे. म्हणून येथील मूल इंग्रजी शिकावयास बसण्यापूर्वीच एक दुसरी भाषा शिकलेले असते, ती म्हणजे शाळेची मराठी. एलायझाचा धडा त्याने आधीच गिरविलेला असतो.

नाटकाच्या अखेरीस एलायझा सांगते की, आपले खरे शिक्षण हिगिन्सने दिलेल्या उच्चारांनी नव्हे, तर कर्नल पिकरिंगने पहिल्याच दिवशी आपल्याला ‘मिस डूलिटल’ म्हटले त्या क्षणी सुरू झाले. प्रस्तुत लेखकाने डिलाईल रोडवरील एका सायंवर्गात प्रौढ विद्यार्थ्यांसमवेत हा भाग वाचला, तेव्हा या संबोधनाचे मराठी काय करावे यावर बराच वाद झाला. कोणी ‘बाई’ सुचविले, कोणी ‘ताई’, कोणी ‘मॅडम’. दुसऱ्यांच्या घरी धुण्याभांड्याचे काम करणारी एक विद्यार्थिनी म्हणाली की, शब्द कोणताही घाला, पुढे ‘बसा’ असले पाहिजे. कामाच्या घरी आपल्याला अजून कोणी ‘बसा’ म्हटलेले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने तिचे उत्तर सर्वांत अचूक होते. मराठीत आदर नामात नसून क्रियापदात असतो, हे तिने नेमके हेरले होते. त्या संध्याकाळी वर्गात हसणे थोडे कमी झाले. पण पुढच्या खेपेस सर्वांनी तो प्रवेश इंग्रजीत न अडखळता वाचला.

(४)

या इतिहासाला एक उत्तरार्धही आहे. ‘ती फुलराणी’नंतर पाच वर्षांनी, १९८० मध्ये, गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे मालवणी नाटक मच्छिंद्र कांबळी यांनी रंगभूमीवर आणले आणि त्याचे हजारो प्रयोग झाले. खेडेगावातील हौशी मंडळी पौराणिक नाटक बसवितात व त्यात त्यांची बोली पदोपदी घुसते, असा त्याचा विषय. येथेही भारदस्त शब्दांची फजिती आहे, म्हणजे मिसेस मॅलाप्रॉपची मराठी बहीण येथे आहे. पण फरक मोठा आहे. मंजुळेला नायिका होण्यासाठी आपली बोली सोडावी लागली. ‘वस्त्रहरणा’तील पात्रांना ती सोडावी लागत नाही, आणि प्रेक्षक त्यांना हसतो तो त्यांच्यातलाच एक होऊन. इंग्रजी सुखात्मिकेने भाषेतील उच्चनीचतेकडे पाहण्याची जी दृष्टी मराठी रंगभूमीला दिली, तिचा उपयोग अखेर आपल्या बोलीची लाज सोडण्याकडे झाला, असे म्हणावयास हरकत नाही.

यावरून अध्यापनाच्या दृष्टीने दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ज्या इंग्रजी सुखात्मिकेचे मराठी रूपांतर आहे तिच्यापासून आरंभ करावा, आणि रूपांतर आधी वाचावे; आपल्या माणसांत हसून झालेला विद्यार्थी परक्या माणसांत बिचकत नाही. दुसरी अशी की, प्रत्येक प्रवेश मराठीत उतरविताना एकेरी की अनेकवचनी हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे उघडपणे ठेवावा आणि त्याचे उत्तर त्यांनाच देऊ द्यावे. इंग्रजीतील जो भेद कानाला लवकर ऐकू येत नाही, तो मराठी क्रियापदाच्या कसोटीवर स्पष्ट होतो. जो अनुभव विद्यार्थी वर्गाच्या दाराबाहेर ठेवून येतो, बोलीवरून हिणविले जाण्याचा, ‘अरे’ आणि ‘अहो’ यांतील अंतर रोज मोजण्याचा, तोच या नाटकांच्या वाचनात त्याचे भांडवल ठरतो. ना. म. जोशी यांच्या संस्थेने रात्रशाळा आणि नाट्यगृह ही दोन्ही चालविली. त्या दोहोंच्या मधले दार उघडण्याचे काम अद्याप बरेचसे शिल्लक आहे.