चित्र झालेली उर्दू

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा त्यातही गरीब-श्रीमंत होतेच. विद्यार्थ्यांना वर्षाला ५०० रुपयांत खाते मिळे, पण त्यात पडद्यावर फक्त अक्षरे उमटत. चित्रे दाखवणारे खाते हवे तर २५० तासांना १५,००० रुपये मोजावे लागत. इंग्रजीचे स्वस्त खात्यातही भागे. उर्दूचे भागणार नव्हते, कारण इंटरनेटवर आमची जबान आली तीच मुळी चित्र बनून.

याचे मूळ नस्तालीकमध्ये आहे. या लिपीत हर्फ एकमेकांत गुंतून उतरत्या चालीने लिहिले जातात. मिर्झा अहमद जमील या खुशनवीसांनी असे हजारो जोड हाताने लिहिले आणि त्यावरून १९८१ मध्ये संगणकासाठी नूरी नस्तालीक तयार झाले. पुढे १९९४ मध्ये इनपेज आले आणि उर्दू छपाईतून कातिबांची बैठक हळूहळू उठली. मात्र इनपेजमधला मजकूर इंटरनेटवर तसाच चढत नसे. पानाचे चित्र करायचे आणि ते टाकायचे, हा सर्रास रिवाज झाला. मराठी दैनिकांचेही हाल होते, प्रत्येकाचा फॉन्ट वेगळा. पण फॉन्ट एकदा उतरवून घेतला की मराठी अक्षरे म्हणूनच येई.

आता मोडेमचा हिशोब पाहा. संगणकाचे आकडे आवाजात बदलून टेलिफोनच्या तारेवर पाठवायचे, हे त्याचे काम. म्हणून जोडताना ती शिट्टी आणि खरखर. वेग कागदावर सेकंदाला ५६ हजार बिट, म्हणजे फार तर ७ हजार बाइट. दोन हजार अक्षरांचा उर्दू मजकूर युनिकोडमध्ये साधारण ४ हजार बाइटांचा, पापणी लवायच्या आत यावा असा. त्याचेच चित्र लाखभर बाइटांचे झाले, तर तार अगदी साफ असूनही १४ सेकंद. आणि तार साफ असते कुठे!

१९९८ मध्ये खाजगी कंपन्यांना परवानगी मिळाली, दर उतरले, तेव्हा आमच्या मामूंच्या घरी मोडेम आला. आम्ही शाळकरी पोरे भोवती कोंडाळे करून बसायचो. गझलेचे पान वरून खाली पट्टीपट्टीने उघडायचे. मतला दिसायचा, आणि नानी आतल्या खोलीत फोन उचलायच्या. लाइन गेली! मक्त्यासाठी पुन्हा पहिल्यापासून.

एकदा पान पुरे उतरले. आम्ही एक शेर निवडायला माऊस फिरवला, पण एक हर्फ हाती लागेना. शोधावे म्हटले तर शोधयंत्राच्या लेखी त्या पानावर उर्दू नव्हतीच. मामूंनी मीटर वाढू नये म्हणून लाइन तोडली, टाक आणि शाई काढली, आणि पडद्याकडे पाहत सगळी गझल वहीत उतरवून घेतली.