'वय झालं' म्हणजे काय झालं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गडमुडशिंगीत काय किंवा करवीर तालुक्यातल्या कुठल्याही गावात काय, सोप्यात बसलेल्या आजोबांना नजरेविषयी विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "वय झालं आता, चालायचंच." घरचेही मान डोलावतात. मोतीबिंदू असेल तर उशिरा का होईना, शस्त्रक्रियेने दिसू लागते. पण दुखणे डोळ्याच्या मागच्या पडद्याचे, म्हणजे दृष्टिपटलाचे असेल, तर वाट पाहण्यात गमावलेली नजर सहसा परत येत नाही.

'वय झालं' म्हणजे डोळ्यात नेमके काय झाले, याचा माग डॉ. राजेंद्र आपटे यांनी अनेक वर्षे काढला. मुंबई विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते अमेरिकेत गेले. टेक्सास राज्यातील डॅलस येथे त्यांनी डोळ्याच्या प्रतिकारशक्तीचा अभ्यास केला. शरीरात इतरत्र जंतू शिरला की पांढऱ्या पेशी तुटून पडतात, सूज येते आणि ओसरते. डोळ्यात अशी लढाई झाली, तर जंतूबरोबर नजरही जायची. म्हणून डोळा आपल्या सैनिकांना आवरून धरतो. डोळ्यातील द्रवात असलेले एक प्रथिन हे काम करते, असे आपटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये दाखवले.

पुढे ते सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि म्हातारपणीच्या आजाराकडे वळले. दृष्टिपटलाच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटा भाग असतो. वाचणे, चेहरा ओळखणे, सुईत दोरा ओवणे हे सारे त्याच्या जोरावर चालते. उतारवयात कधी कधी त्याच्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात, त्या पाझरतात आणि मधली नजर जाते.

शरीरातला कचरा खाणाऱ्या भक्षक पेशी या रक्तवाहिन्या वाढवतात, असे काही प्रयोगशाळांचे म्हणणे होते. आपटे यांच्या गटाला २००६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांत उलटे दिसले : या पेशी वाढ रोखतात. मग खरे काय? २००७ मध्ये त्यांनी तरुण आणि म्हाताऱ्या उंदरांची तुलना केली. तरुणपणी राखण करणाऱ्या या पेशी म्हातारपणी बदलतात आणि त्याच वाढीला हातभार लावतात, असे आढळले. राखणदारच फितूर व्हावा, तसा प्रकार.

फितुरीचे एक कारण २००३ नंतर दहा वर्षांनी, म्हणजे २०१३ मध्ये पुढे आले. म्हाताऱ्या पेशींना आपल्यातले कोलेस्टेरॉल बाहेर टाकता येत नाही. ते साचते आणि पेशी बिघडते. साचलेले कोलेस्टेरॉल बाहेर काढणारे औषध थेंबांच्या रूपाने उंदरांच्या डोळ्यांत घातले, तेव्हा त्या पेशी पुन्हा राखणीला उभ्या राहिल्या. म्हणजे 'वय' हा केवळ आकडा नव्हता; त्यामागे शोधता येणारा आणि प्रयोगात तरी परतवता येणारा बिघाड होता.

अर्थात हे उंदरांचे झाले. उंदरापासून माणसापर्यंतची वाट लांब असते. माणसांसाठी आज हाताशी आहे ते डोळ्यात द्यायचे इंजेक्शन. रक्तवाहिन्या वाढवणारे 'व्हीईजीएफ' हे प्रथिन त्यामुळे अडवले जाते. १९८९ मध्ये ते वेगळे करून ओळखणाऱ्यांपैकी एक, नेपोलिओने फेरारा, यांच्यासह आपटे यांनी २०१९ मध्ये या शोधाचा आढावा लिहिला. ही इंजेक्शने पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात आणि लवकर सुरू केली तरच त्यांचा खरा उपयोग होतो.

म्हणून घरच्या वडीलधाऱ्यांना एवढेच करायला सांगावे : एक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहावे, मग दुसरा झाकून. सरळ कड वाकडी दिसली किंवा मध्येच काळा डाग आला, तर वयाला बोल न लावता त्याच आठवड्यात डोळ्यांचे डॉक्टर गाठावेत. आणि विडी-सिगारेट सोडावी, कारण या आजाराला धूम्रपानाची साथ मिळते.