शिक्षकांची प्रसूती रजा व आजारपणाची रजा

अपत्यजन्म, गर्भपात किंवा आजार या कारणांनी अध्यापनापासून दूर राहावे लागले असता वेतन आणि नोकरी टिकून राहावी यासाठी कायद्याने व सेवानियमांनी शिक्षकांना दिलेली मुभा. महाराष्ट्रात कोणता नियम लागू पडेल हे शाळा कोणाची आहे यावर ठरते. शासकीय शाळांत महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ पाळले जातात, तर खाजगी मान्यताप्राप्त शाळांतील सेवा १९७७ च्या खाजगी शाळा कर्मचारी अधिनियमाने व त्याखालील १९८१ च्या नियमावलीने बांधलेली असते.

आजारपणासाठी वेगळे रजाखाते नसते, आणि बहुतेक गैरसमज येथूनच सुरू होतात. एकदोन दिवसांची दुखणी नैमित्तिक रजेतून निभावली जातात. पण उन्हाळी व दिवाळीची दीर्घ सुट्टी उपभोगणाऱ्या शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांप्रमाणे अर्जित, म्हणजे काम करून कमावलेली पूर्णवेतनी रजा सहसा जमा होत नसल्याने, लांबलेल्या आजारात मुख्य आधार अर्धवेतनी रजेचाच उरतो. ही रजा वर्षाला २० दिवस या प्रमाणात साठते. वैद्यकीय प्रमाणपत्र दिल्यास तिचे परिवर्तित रजेत रूपांतर करून पूर्ण वेतन घेता येते, मात्र खात्यातून दुप्पट दिवस वजा होतात. म्हणजे दहा दिवसांच्या विषमज्वरात वर्षभराची शिल्लक संपते. नव्याने लागलेल्या शिक्षकाला ही तरतूद फार तोकडी पडते, आणि दीर्घ सुट्टीमुळे आजारपणाची भरपाई होते हा युक्तिवाद येथे टिकत नाही, कारण आजार सत्र चालू असतानाही येतो.

प्रसूती रजेची रचना याहून वेगळी आहे. राज्य शासनाने २००९ मध्ये तिची मुदत १८० दिवस केली. या काळात पूर्ण वेतन मिळते आणि ही रजा कोणत्याही रजाखात्यातून वजा होत नाही, म्हणून गरोदरपणातील आजारासाठी घेतलेली रजा व प्रसूती रजा यांची मोजणी एकत्र करणे चुकीचे ठरते. दोनपेक्षा कमी हयात अपत्ये असणे ही तिची अट आहे. अशाच अटीवरून तामिळनाडूतील एका सरकारी शिक्षिकेला, पहिल्या विवाहातील दोन मुले असल्याच्या कारणाने, दुसऱ्या विवाहातील पहिल्या अपत्यासाठी रजा नाकारली गेली होती. त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती अभय ओक व उज्जल भुयान यांच्या खंडपीठाने मे २०२५ मध्ये प्रसूती रजा हा प्रजननविषयक हक्कांचा व पर्यायाने संविधानाच्या अनुच्छेद २१ चा भाग असल्याचे सांगून नकाराचा निर्णय रद्द केला. महाराष्ट्रात २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही उपलब्ध आहे.

नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेला केंद्राचा १९६१ चा प्रसूती लाभ अधिनियम २०१७ च्या दुरुस्तीनंतर २६ आठवडे, दोन किंवा अधिक हयात अपत्ये असल्यास १२ आठवडे, आणि गर्भपातानंतर सहा आठवडे सवेतन रजा देत होता. प्रसूतीपूर्वीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम झालेले असणे पुरेसे असे. गरोदरपणातून उद्भवलेल्या आजारासाठी आणखी एक महिना मिळे, आणि रजेवर असताना कामावरून काढणे बेकायदेशीर ठरे. या विचाराचे मूळ मुंबई इलाख्यात आहे : कारखान्यांतील स्त्रियांसाठीच्या विधेयकाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात पाठिंबा दिला व १९२९ मध्ये कायदा झाला. केंद्रीय कायद्याची आखणीही कारखाने, खाणी, मळे व दुकाने यांना धरून झाल्याने खाजगी शाळा तिच्यात बसतात का, असा वाद निघत राहिला, आणि केरळला २०२० मध्ये आपल्या खाजगी शैक्षणिक संस्थांना हा कायदा स्वतंत्रपणे लागू करावा लागला. शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या अर्थाने कामगार नव्हे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये गोव्यातील एका शिक्षिकेच्या प्रकरणात दिला असल्याने, नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या त्या कायद्याखालील कामगार न्यायालयाचा मार्गही शिक्षकांना बंद होता. महाराष्ट्रात बडतर्फीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे ३० दिवसांच्या आत अपील करावे लागते.

खर्चाचा भार कोणावर, हा खरा अडचणीचा मुद्दा आहे. अनुदानित शाळेत वेतन शासन देते. विनाअनुदानित शाळेत रजेचे वेतन आणि बदली शिक्षकाचे मानधन दोन्ही संस्थेला उचलावे लागते, त्यामुळे तासिका तत्त्वावर किंवा सत्रापुरत्या नेमलेल्या शिक्षिकेची नेमणूक पुढे न वाढवण्याची पळवाट सोपी होते. मात्र एका कंत्राटी डॉक्टरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये, कराराची मुदत रजेच्या काळात संपली तरी १९६१ च्या कायद्याखालील लाभ पूर्ण मुदतीसाठी द्यावेच लागतात, असा निर्वाळा दिला आहे.