वाशिमचा भूतकाळ आणि विद्यार्थ्याच्या शोधनिबंधाचा विषय

इतिहासाच्या विद्यार्थ्याला शोधनिबंधासाठी विषय निवडावा लागतो तेव्हा स्वतःच्या जिल्ह्याचा संपूर्ण इतिहास लिहावा, असा मोह बहुधा त्याला होतो. वाशिमच्या बाबतीत हा मोह पहिल्याच पायरीवर अडचणीत येतो, कारण आज ज्याला वाशिम जिल्हा म्हणतात तो १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झाला आणि त्यापूर्वी या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रदेशाच्या सीमा वेळोवेळी बदलत गेल्या. अकबराच्या काळात वाशिम हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार, म्हणजे सुभ्याचा एक पोटविभाग होते. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिल्यानंतर पुढे 'बासीम' नावाचा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला, परंतु त्यात पुसदचा समावेश होता आणि आज या जिल्ह्यात असलेले कारंजा त्यात नव्हते. १९०५ मध्ये तो जिल्हा मोडून त्याचे भाग अकोला व यवतमाळ यांत विभागले गेले. त्यामुळे 'जिल्ह्याचा इतिहास' लिहू पाहणाऱ्याला कोणत्या जिल्ह्याचा, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो, आणि तो सोडवताना त्याच्या लक्षात येते की कागदपत्रेही या बदलांबरोबरच अकोला, यवतमाळ, अमरावती, नागपूर, हैदराबाद आणि दिल्ली येथे पांगली आहेत.

विषय चांगला ठरण्यासाठी तो भव्य असण्याची गरज नसते. त्यात उत्तर शोधता येईल असा एक नेमका प्रश्न असावा लागतो आणि त्या प्रश्नाशी भिडणारे एखादे साधन विद्यार्थ्याच्या आवाक्यात असावे लागते. साधन म्हणजे ताम्रपट, शिलालेख, हस्तलिखित, दप्तर किंवा तोंडी परंपरा यांपैकी ज्याच्या आधारे विधान करता येते ते. वाशिमच्या भूतकाळाविषयी आज जे निश्चितपणे सांगता येते, त्यातील बराच भाग अशाच लहान, नेमक्या प्रश्नांतून हाती आला आहे.

याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे वाशिमचा ताम्रपट. १९३९ मध्ये वाशिम येथील पंडित वासुदेवशास्त्री धनागरे यांच्याकडे असलेले हे ताम्रपट अभ्यासकांच्या दृष्टीस पडले; डॉ. य. खु. देशपांडे आणि डॉ. द. बा. महाजन यांनी ते प्रथम प्रसिद्ध केले आणि त्यानंतर म. म. वा. वि. मिराशी यांनी महाजनांसह त्यांचे सविस्तर संपादन केले. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धातील वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याने आपल्या कारकिर्दीच्या ३७व्या वर्षी, वत्सगुल्म येथून, म्हणजे आजच्या वाशिमहून, नंदीकट प्रदेशातील एक गाव ब्राह्मणांना दान दिल्याची ही नोंद आहे. नंदीकट म्हणजे नांदेड, असे अभ्यासक मानतात. लेखातील वंशावळीचा भाग संस्कृतात, तर दानाचा व्यावहारिक तपशील प्राकृतात आहे, आणि राजभाषा म्हणून प्राकृत मागे पडून संस्कृत पुढे येत असतानाचा हा काळ त्या एकाच लेखात दिसतो.

या ताम्रपटाचे खरे मोल मात्र वंशावळीत आहे. तोपर्यंत वाकाटकांचे एकच घराणे मानले जात होते, आणि अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील झिजलेल्या लेखात आलेली राजांची नावे त्याच घराण्याच्या यादीत बसवण्याचा प्रयत्न होत असे. वाशिमच्या ताम्रपटात पहिल्या प्रवरसेनाचा पुत्र सर्वसेन आणि त्याचा पुत्र विंध्यशक्ती अशी मांडणी आढळल्यानंतर मिराशींनी अजिंठ्याचा लेख पुन्हा वाचला, पूर्वी चुकीचे वाचले गेलेले सर्वसेनाचे नाव तेथे ओळखले, आणि नंदिवर्धनची ज्येष्ठ शाखा व वत्सगुल्मची दुसरी शाखा अशा दोन स्वतंत्र शाखा होत्या, हे सिद्ध झाले. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्याचा दाता वराहदेव ज्याचा मंत्री होता, तो हरिषेण याच वत्सगुल्म शाखेचा. म्हणजे भारतीय चित्रकलेच्या एका उत्कर्षकाळाचा राजकीय आधार वाशिमशी जोडला गेला. एका दानपत्रात दात्याचे आजोबा-पणजोबा कोण होते, एवढ्या मर्यादित प्रश्नातून एका राजवंशाच्या इतिहासाची फेरमांडणी झाली, ही गोष्ट विषय शोधणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिक्षकाने सांगितली पाहिजे.

याच शाखेचा आणखी एक लेख वाशिमजवळच्या हिस्से-बोराळा येथे मिळाला असून तो शके ३८०, म्हणजे इ. स. ४५८ मधील आहे. वाकाटकांच्या लेखांत सामान्यतः राजाच्या कारकिर्दीचे वर्ष दिलेले असते. येथे शक संवत दिल्यामुळे देवसेन राजाचा काळ पक्का करता आला. स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने 'सुदर्शन' नावाचा जलाशय बांधल्याची ही नोंद आहे, आणि गिरनारच्या प्रसिद्ध सुदर्शन तलावाचे नाव वऱ्हाडातील एका गावच्या जलाशयाला मिळावे, हे लक्षणीय आहे. हा जलाशय कोठे होता, भूभागाचा उतार व ओढ्यांचे प्रवाह पाहता त्याची पाळ कोठे असू शकेल, हा प्रश्न भूगोल आणि इतिहास या दोन्ही विषयांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाताळण्याजोगा आहे. त्यासाठी लागणारे पहिले साधन, म्हणजे ती जमीन, जिल्ह्यातच आहे.

कारंजा येथे साधनांचा प्रकार बदलतो. नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान म्हणून हे गाव दत्तसंप्रदायात पूज्य आहेच, पण सेनगण, बलात्कारगण आणि काष्ठासंघ या दिगंबर जैन परंपरांची मंदिरे व त्यांच्याशी निगडित ग्रंथभांडारेही येथे आहेत. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात अध्यापन करणाऱ्या डॉ. हिरालाल जैन यांनी या भांडारांचा अभ्यास केला, आणि त्यातून पुष्पदंताच्या 'णायकुमारचरिउ' (१९३३) व कनकामराच्या 'करकंडचरिउ' (१९३४) यांसारख्या अपभ्रंश काव्यांची संपादने कारंज्याहून प्रसिद्ध झाली. अपभ्रंश म्हणजे प्राकृत आणि आजच्या आर्यभाषा यांच्यामधली भाषावस्था. तिच्या अभ्यासाचा मोठा आधार या कापसाच्या गावात जपला गेला. पदव्युत्तर विद्यार्थ्याने संपूर्ण काव्याच्या संपादनाला हात घालू नये, हे खरे. परंतु हस्तलिखिताच्या शेवटी नकलनवीस आपले नाव, तिथी, गाव आणि ज्या गृहस्थाच्या खर्चाने नक्कल झाली त्याचे नाव लिहितो, त्या मजकुराला प्रशस्ती म्हणतात, आणि प्रकाशित सूचींमध्ये छापलेल्या प्रशस्ती एकत्र करून कारंज्याचे व्यापारी कोणत्या शतकात कोणते ग्रंथ लिहवून घेत होते, एवढे दाखवता आले तरी तो उत्तम शोधनिबंध ठरेल.

कारंज्याचा दुसरा विषय अर्थव्यवहाराचा असून तो देशाच्या पाठ्यपुस्तकांत येतो आणि तरीही जिल्ह्यात फारसा अभ्यासला जात नाही. भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ १८८६ मध्ये कारंजा येथे हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने स्थापन झाली. वऱ्हाडचा कारभार त्या काळी इंग्रज सरकार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत पाहत असे, म्हणून आदेश तेथून निघाला. आणि नियंत्रित बाजारपेठ म्हणजे जेथे खरेदी-विक्रीची जागा, वजन-माप, अडत्ये, दलाल व मापारी यांचे परवाने आणि त्यांना द्यावयाची देणी नियमाने ठरलेली असतात ती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ या वर्षांत, लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला, तेव्हापासून वऱ्हाडच्या कापसाकडे इंग्रज सरकारचे लक्ष लागले होते, आणि गिरण्यांना शुद्ध कापूस बेताच्या दरात मिळावा हा नियमनामागचा एक प्रमुख हेतू होता. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने ही पद्धत इतर गावांना लागू झाली, परंतु त्याखालील समित्यांवर व्यापाऱ्यांचे वर्चस्व राहिले. ज्याच्या मालाचे वजन व्हायचे त्या शेतकऱ्याला बाजाराच्या कारभारात स्थान केव्हा आणि कोणत्या टप्प्यांनी मिळाले, १९६३ च्या महाराष्ट्र कृषी उत्पन्न पणन कायद्यानंतर कारंज्यात प्रत्यक्ष काय बदलले, कडता, अडत, धर्मादाय अशा कपातींपैकी कोणत्या गेल्या व कोणत्या वेगळ्या नावाने राहिल्या, हे प्रश्न आजच्या शेतकऱ्याच्या पट्टीशी, म्हणजे विक्रीनंतर त्याच्या हाती पडणाऱ्या हिशेबाच्या कागदाशी, थेट जोडलेले आहेत. जुन्या अडत दुकानांतील चोपड्या नष्ट होत असताना या विषयाला आणखी विलंब लावणे योग्य नाही. मूर्तिजापूरहून कारंज्यामार्गे यवतमाळला जाणारी, किलिक-निक्सन कंपनीशी संबंधित 'शकुंतला' ही अरुंद मापाची रेल्वे याच कापसाच्या वाहतुकीसाठी आली. तिच्याविषयी स्मरणरंजन पुष्कळ झाले आहे, मालवाहतुकीचा हिशेब मात्र मांडला जावयाचा आहे.

विणकामाचा विषय त्याहून जुना आहे. माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात १७६९ मध्ये झालेल्या कनकापूरच्या तहात, भोसल्यांनी वाशिम व बाळापूर येथील ५,००० रुपयांचे कापड दरवर्षी पेशव्यांना द्यावे, असे एक कलम होते. राज्यांच्या तहात ज्या गावच्या मागाचा उल्लेख होतो, तेथे विणकर कोण होते आणि त्यांचा धंदा कधी बसला, हा शोध घेण्यासाठी विद्यार्थ्याला मोडी लिपी यावी लागेल, आणि ती शिकण्याचे श्रम घेण्याइतका हा विषय मोलाचा आहे.

दुष्काळाचा विषय अधिक जपून निवडावा लागतो. जुन्या बासीम जिल्ह्याची लोकसंख्या १९०१ च्या जनगणनेत ३,५३,४१० भरली आणि ती दहा वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ११ टक्क्यांनी कमी होती. या घटीत मृत्यू किती आणि स्थलांतर किती, हे एकूण आकड्यावरून समजत नाही. म्हणून एक तालुका, एक दुष्काळी काम किंवा एका गावचे जमीन महसुलाचे दप्तर एवढाच आवाका ठेवणारा विद्यार्थी काही नवे सांगू शकेल.

मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान असून रामनवमीला तेथे देशभरातून बंजारा समाज जमतो. बैलांच्या तांड्यांवरून धान्य व मीठ वाहून नेणाऱ्या या समाजाविषयी एकोणिसाव्या शतकात लिहिणाऱ्यांमध्ये वऱ्हाडच्या पोलीस खात्यातील कंबरलेज हा अधिकारी होता, आणि पोलिसाने केलेले वर्णन पोलिसाच्या नजरेनेच केलेले असते, हे विसरून चालत नाही. रेल्वे आल्यावर तांड्यांचा वाहतुकीचा व्यवसाय गेला, १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची छाया भटक्या समाजांवर पडली, आणि तांडे जमिनीवर स्थिरावले. एखादा तांडा आज आहे त्या जागी केव्हा आणि कसा वसला, याची माहिती गोरबोलीतील गीतांत आणि वृद्धांच्या आठवणींत आहे. ज्या विद्यार्थ्याची ही मातृभाषा आहे, त्याच्याइतका अधिकार या विषयावर बाहेरच्या कोणत्याही संशोधकाला नाही, आणि तरीही असे विद्यार्थी बहुधा पाठ्यपुस्तकातील घासून गेलेले विषय निवडतात, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ मंदिराचा वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे ब्रिटिश साम्राज्याच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत गेला होता आणि तेथे १९२९ मध्ये निकाल झाला. न्यायालयीन कागदांत मंदिराच्या व्यवस्थेची माहिती विपुल असली तरी ती पक्षकारांनी आपापल्या बाजूसाठी मांडलेली असते, म्हणून हा विषय पहिल्या शोधनिबंधासाठी सुचवू नये.

शिक्षकांनी विषयांची तयार यादी फळ्यावर लिहून देण्याची प्रथा सोडावी. विद्यार्थ्याला आधी हिस्से-बोराळ्याला, कारंज्याच्या बाजार समितीत किंवा त्याच्याच तांड्यावर पाठवावे आणि तेथून तो जो प्रश्न घेऊन येईल त्यावर चर्चा करून विषय ठरवावा. पूर्ण झालेल्या निबंधाची एक प्रत महाविद्यालयात राहते तशी दुसरी प्रत ज्या गावाविषयी तो लिहिला त्या गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत ठेवली जावी, म्हणजे पुढचा विद्यार्थी तेथून आपले काम सुरू करू शकेल.